सासूबाईंच्या नावाचं जलअस्वल

भिंगताई दर महिन्याला बिनरंगी नेलपॉलिशची बाटली घेते आणि तिची नखं मात्र जन्मात कधी चमकलेली नाहीत. यावर आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली. मी त्यात मागे नव्हतो. शेवटी कळलं की बाटली निसर्गसंग्रहालयाच्या तळघरात जाते. तिथं भिंगताई काचपट्टीवर एकेक जलअस्वल ठेवते, वर पातळ काच टाकते आणि कडेनं नेलपॉलिश फिरवून ती बंद करते. जलअस्वल म्हणजे शेवाळात राहणारा आठ पायांचा जीव, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. बावीस वर्षं ती त्यांच्या नख्या मोजून कोण कुठल्या जातीचं ते ठरवतेय. सोयरीक जुळवतानासुद्धा माणसं इतकी चौकशी करत नाहीत.

एवढ्या वर्षांत नवी जात तिला एकच सापडली, तीही घरच्या गच्चीवर. सासूबाईंनी खरवडून टाकलेलं शेवाळ तिनं कागदी पाकिटात भरून नेलं. त्यातला प्राणी एका जुन्या जातीसारखाच होता, पण अंडं वेगळं: अंगभर काटे आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला इवलीशी बशी. भिंगताई त्या अंड्यावर भाळली. प्राणी आणि अंडं एकाच काचेखाली बसवलं, मूळ नमुन्याभोवती काढतात ते लाल शाईचं रिंगण काढलं आणि जातीला सासूबाईंचं नाव दिलं. मग काय विचारता! सासूबाईंनी शोधपत्रिकेतलं ते छापील पान दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना दाखवलं.

सात वर्षं सुखात गेली आणि पत्र आलं. परगावचे एक प्राध्यापक तो नमुना तपासायला पंधरा दिवसांनी येणार होते. या धंद्यात त्यांना 'खोडरबर' म्हणतात. एकतीस जातींची नावं त्यांनी पुसलीत. पत्रात एकच प्रश्न होता: "अंडं याच प्राण्याचं, हे कशावरून?"

भिंगताईनं पत्र पुन्हा वाचलं. कशावरून? तर एकाच शेवाळात मिळालं यावरून! म्हणजे एका बाकावर बसलेत म्हणून नवरा-बायको ठरवल्यासारखं झालं.

मूळ पाकिटात थोडं शेवाळ उरलं होतं, सात वर्षं वाळलेलं. जलअस्वलं वाळली की आकसून गोळी होतात, वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात आणि पाणी मिळालं की कधीकधी उठतात. तिनं चिमूटभर शेवाळ काचेच्या बशीत भिजवलं. मग पाणी जास्त झालं की कमी, या धास्तीनं ती जेवणाच्या सुट्टीतही जागची हलेना. आठवडाभर तिनं एकही नवी काच बसवली नाही. घरी नवऱ्यानं विचारलं, "अगं, कुणी आजारी आहे का?" तर म्हणाली, "अजून उठलं नाही."

चौथ्या दिवशी एक उठलं, काचेखालच्या प्राण्यासारखंच. नवव्या दिवशी त्यानं कात टाकली आणि कातीत तीन अंडी घातली. गुळगुळीत. काटा नाही की बशी नाही.

कातीत अंडी घालणारं जलअस्वल काटेरी अंडी घालत नाही. म्हणजे गच्चीवरचा प्राणी जुन्या जातीचाच. हे पाहायला तळघरात दुसरं कुणी नव्हतं आणि मोरी चार पावलांवर होती. बशी उलटी करावी असं मनात आलं, हे तिनंच मला सांगितलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "आई, तुमचं नाव बहुतेक जाणार."

"कुठं?"

"त्या प्राण्यावरून. चूक माझी. अंडं दुसऱ्याच कुणाचं तरी होतं."

सासूबाईंनी चष्मा काढला. "त्या खोडरबराला ठाऊक आहे?"

"नाही. फक्त मला."

"मग मला कशाला सांगितलंस? आता दोघींच्या जिवाला घोर." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "सांगून टाक. दुसऱ्याच्या पोरावर माझं नाव नको. पण दूधवाल्याला तू सांगायचंस, मी नाही."

खोडरबर आले ते स्वतःची उशी घेऊन. खुर्चीवर ठेवली आणि बसले. त्यांनी तोंड उघडायच्या आत भिंगताईनं बशी पुढं केली. त्यांनी तिन्ही अंडी भिंगाखाली तपासली.

"हे दाखवलं नसतं तर?"

"तुम्ही पकडलंच असतं, सर."

"कसलं? माझ्याकडे नुसती शंका होती, शेवाळ कुठं होतं?" मग त्यांनी जुनी काचपट्टी भिंगाखाली सरकवली. "बाई, रिंगण अंड्याभोवती काढलंय तुम्ही. छापतानाही मूळ नमुना म्हणून अंडंच दिलंत?"

"हो."

"सगळे प्राणी निवडतात."

"मला अंडं आवडलं होतं," ती पुटपुटली.

पहिल्यांदाच ते हसले. "रिंगणात जे असेल, नाव त्याचं. प्राणी जुनाच, हे छापावं लागेल."

"मीच लिहिते, सर. माझ्या चुकीसकट."

"लिहा. पण असलं अंडं मी कुठल्याच जातीत पाहिलेलं नाही. नाव राहील अंड्यावर. आता त्याची आई शोधा."

चुकीची कबुली तिच्या सहीनं छापून आली. दूधवाल्यालाही तिनंच सांगितलं. आता ती रोज सकाळी गच्चीवरून चिमूटभर शेवाळ नेते आणि रिकाम्या हातानं परत येते; धास्ती अशी की ती आई मागंच खरवडली गेली असेल. सासूबाई रोज दारातच विचारतात, "भेटली का?" आणि परवा गच्ची घासायला आलेल्या माणसाला त्यांनी जिन्यातूनच परत पाठवलं.