मेंढी परत

१९४४ साल. मी तेवीस वर्षांचा होतो, कराडहून सांगलीला गुळाची गाडी हाकत होतो, आणि पत्त्यात भिडूला शिव्या देण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. ताकारीच्या अलीकडच्या एका नालबंदानं मला गप्प केलं. भर डावात तो काळा पंजा माझ्यापुढं पसरायचा. "भिडूवर तोंड टाकलंस. दे मेंढी परत."

सगळे त्याला मामा म्हणत. बैलांना आडवं पाडून खुरांना पत्र्या ठोकून होईतो आम्ही गाडीवान त्याच्या छपरात मेंढीकोट खेळायचो. हात रिकामा झाला की तोही बसायचा. तुम्ही खेळला असालच. मेंढी म्हणजे दश्शी. तीन आल्या की डाव, चारी आल्या की कोट. डावाला खांबावर कोळशाची रेघ, कोटाला गोल. पण मामाकडं एक कलम जादा होतं : भिडूला टोचून बोलणाऱ्यानं मिळवलेली एक मेंढी समोरच्यांना द्यायची.

"मामा, हे कुठल्या गावचं?" मी विचारलं.

"ह्या छपराचं. पटत नसंल तर उन्हात खेळ."

एकदा आम्ही दोघं भिडू होतो आणि चारी मेंढ्या आमच्याकडं आल्या होत्या. मी त्याच्याच एक्क्यावर हुकूम मारला. "गाढवा!" मामा ओरडला. लगेच जीभ चावली, आपली एक मेंढी उचलून समोर टाकली आणि गोलाच्या जागी रेघ ओढली. इतक्या जोरात, की कोळसाच मोडला.

मग एका दुपारी बागायतदार आला. मामाची चूल त्याच्याच बैलांवर पेटायची. चौथा गडी नव्हता, म्हणून त्यानं आपल्या सालगड्याला भिडू केलं. समोर मी आणि मामा. चारी मेंढ्या त्यांनी नेल्या. पण मधे सालगड्याचा एक हुकूम वाया गेला, तेव्हा मालक म्हणाला, "बैलाला तुझ्यापरीस अक्कल हाय." त्या गड्यानं पुढं मान वर केली नाही.

डाव संपला. मामानं पंजा पसरला. "मालक, एक मेंढी परत. कोट न्हाई, साधा डाव."

"हरलास म्हणून कायदा काढतोस व्हय रं?"

मामानं खांब दाखवला. "ती जाड रेघ बघा. कोट आमचा व्हता. मी भिडूला गाढव म्हणलो. दिली परत."

"खरं हाय," मी म्हणालो. "गाढव मीच."

सालगडी खुदकन हसला. मालकाला तेच झोंबलं.

"गोल काढ. न्हाईतर उद्यापास्नं माझा एक बैल हितं यायचा न्हाई."

मामानं कोळसा उचलला आणि रेघ ओढली. एकच, सरळ. "बैल तुमचं. खांब माझा."

बैल गेले ते गेलेच. पुढं छप्परही मोडलं. मामा जतकडं गेला म्हणतात. मला पुन्हा दिसला नाही. पत्त्यापायी धंदा घालवला, असं लोक बोलले. बोलोत. माझ्या सोप्यात आजही तेच कलम चालतं, आणि ज्याला पटत नाही त्याला मी ऊन दाखवतो.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी जोडी मामाच्या दारात उभी केली. त्यानं खूर उचलून बघितला. "पत्र्या शाबूत हायत की. दया दावाय आलास?"

"काढा आणि नव्या ठोका," मी म्हणालो. "बैल माझं."

आणि दोर टाकून पहिला बैल मीच आडवा पाडला.