ओला दांडा

आमच्या हार्डवेअरच्या दुकानात काल एका बाईंनी सगळ्यांत स्वस्त हातोडी उचलली, तिचं डोकं हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, “घट्ट आहे की.” लाकडी दांडा रात्रभर भिजवला की फुगतो आणि सैल डोकंही घट्ट बसतं. ही युक्ती मुलाला मीच शिकवली. नीट पाचर ठोकली तर स्वस्त हातोडीही चांगली निघते. मी मात्र पाण्यावर भागवलं. दांडे वाळल्यावर ती डोकी कुणाच्या कपाळाकडे उडाली असतील, हा विचार मी आयुष्यभर टाळला.

“ताई, दांडा हुंगून बघा.”

“अण्णा, तुम्ही घरी जा,” मुलगा गल्ल्यावरून पुटपुटला.

बाईंनी दांडा हुंगला आणि रागाने मुलाकडे पाहिलं.

“त्याच्याकडे नको,” मी म्हणालो, “माझ्याकडे बघा.”