सरलाबाईंची खिदळती शांतता

सरलाबाई निकुंभांच्या पोटात गोष्ट राहत नसे आणि चेहऱ्यावर तर मुळीच राहत नसे. कतारगामच्या पालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. एखाद्या पोराने बरं माकड काढलं, की बाई वर्गातच टाळ्या पिटत नाचायच्या. अशा बाईने निवृत्त झाल्यावर पोकर शिकावं, म्हणजे कबुतराने गुपित सांभाळायची नोकरी धरण्यासारखंच होतं.

पत्त्यांचा सोस मात्र जुना. माहेर शिरपूरकडचं. तिकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरुष निंबाखाली पत्ते कुटायचे आणि पोरीबाळींनी झोके घेत गाणी म्हणायची. झोका उंच गेला की सरला वरून वाकून वाकून पत्ते पाहायची. एकदा पाहता पाहता पडलीसुद्धा. ढोपर फुटलं, पण कुणाकडे इस्पिकचा राजा होता ते तिने रडत रडत सगळ्यांना सांगितलं.

त्यामुळे भाची श्वेता इच्छापोरच्या ऑफिसातल्या मैत्रिणींकडून पोकर शिकून आली आणि सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी दुपारी डाव बसू लागला, तेव्हा पहिली चटई सरलाबाईंनीच अंथरली. पैशाचं नाव काढायचं नाही, हा निलाबेनचा कायदा. निलाबेन या शेजारच्या गुजराती बाई; ड्रेसच्या बटणांनी भरलेला डबा त्यांनीच आणला. ज्याच्याकडे सगळी बटणं गोळा होतील तो जिंकला. खेळ सोपा वाटायचा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये हळूहळू उघडत जाणारे पाच, आणि त्यातून जो भारी जोड जमवेल त्याचा डाव. पत्ते बरे नसतील तर गुपचूप टाकून द्यायचे, बरे असतील तर बटणं लावायची.

पहिल्याच रविवारी सरलाबाईंच्या हातात दोन एक्के आले.

"माय वो!" बाई किंचाळल्या.

सगळ्यांनी पटापट पत्ते टाकले. दोन एक्क्यांवर बाईंना मिळाली कशीबशी तीन बटणं.

"सरलाबेन, शांति राखो ने!" निलाबेन पोट धरून हसत म्हणाल्या.

बाईंनी शांती राखली. पुढच्या वेळी राजाराणी आली तेव्हा त्या ओठ आवळून इतक्या गप्प बसल्या, की जयंतरावांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं आणि पत्ते टाकले. जयंतराव तळमजल्यावरचे, बँकेतून निवृत्त. ते पोकर खेळायचे ते बँकेचं लॉकर उघडत असल्यासारखे. त्यांची भुवईसुद्धा हलत नसे.

खरी पंचाईत हरण्याची होती. एका रविवारी जयंतरावांनी सत्ती-दुर्रीसारख्या भिकार पत्त्यांवर बाईंचा पक्का डाव हिसकावला, आणि सरलाबाईंचं डोकं असं फिरलं की पुढच्या डावाला त्यांनी पत्ते न पाहताच सगळी बटणं लोटली. गेली. पुढच्या आठवड्यात तेच. घरी येऊन त्या भाकरी अशा बडवत, की खालचे लोक पंखा बंद करून कान लावत.

"मावशी," श्वेता म्हणायची, "तू बरोबर खेळलीस. पत्ता उलटा पडला, एवढंच. हजार वेळा खेळलीस तर जास्त वेळा तूच जिंकशील."

"हजार वेळा गेलं खड्ड्यात. मला आत्ताचं सांग!"

आखाजी आली. बाईंनी गच्चीवरच्या मंडळींसाठी खापरावरचे मांडे करायला घेतले. पुरणाचा गोळा हातावर झेलत झेलत मांडा कोपरापर्यंत वाढत गेला, खापराकडे वळला आणि वाटेतच टर्रकन फाटला. बाईंनी तो बाजूला सारला नि दुसरा गोळा उचलला. आनंदा, त्यांचे यजमान, दारात उभे होते. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कापड रंगवायच्या कारखान्यात जन्मभर मशीनच्या घरघरीत काम केल्याने त्यांना बोलायची सवयच उरली नव्हती.

"मांडा फाटना ते दुसरा गोया लेस तू," ते म्हणाले. "मंग पत्ता फाटना ते काबर कल्ला करस?"

बाई थबकल्या. हातावरचा मांडा लोंबत राहिला. मग त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेचना. हसता हसता तोही मांडा फाटला आणि त्या आणखी हसल्या.

पुढच्या रविवारपासून गच्चीवर नवलच घडलं. पत्ते हातात आले की सरलाबाई खिदळायच्या. एक्का आला तरी, तिर्री आली तरी, काहीही आलं तरी. खिदळत पत्ते फेकायच्या, खिदळत बटणं लावायच्या. दगडी चेहरा आपल्याला या जन्मी जमायचा नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. पण सगळ्या पत्त्यांवर सारखाच आनंद करणं त्यांना सहज जमत होतं. आत मात्र एकच प्रश्न शांतपणे विचारलेला असायचा: या पत्त्यांवर लावावं का? डाव गेला की दोन घोट पाणी, आणि दुसरा गोळा.

"अरे, काही समजातच नथी," जयंतराव चष्मा पुसत पुटपुटायचे. "ही बाई नेमकी कशाला हसते?"

बटणं सरलाबाईंकडे येऊ लागली. कधी जायची, पण पुन्हा यायची.

थंडी पडली, बाजारात पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, आला, आणि सोसायटीची स्पर्धा ठरली. जिंकणाऱ्याला पोंकवड्यांचं पहिलं ताट. शेवटी उरले दोघेच, सरलाबाई आणि जयंतराव. सगळी गच्ची भोवती गोळा झाली. बाईंच्या हातात दोन राजे आले. त्या खिदळल्या आणि सगळी बटणं पुढे सारली. जयंतरावांनी बराच विचार करून आपलीही सारली आणि पत्ते उघडले. दोन नव्व्या. निलाबेनने बाईंचा दंड आनंदाने दाबला. मधले चार पत्ते निरुपद्रवी निघाले. पाचवा उलटला.

बदामची नव्वी. तीन नव्व्या झाल्या, आणि त्यांच्यापुढे दोन राजे फिके.

श्वेताने डोळे मिटून घेतले. सरलाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुन्हा असेच पत्ते आले तर काय करशील, त्यांनी स्वतःला विचारलं. हेच करीन. अगदी हेच! आणि त्यांना हसू फुटलं.

"काय नव्वी आली हो जयंतराव! काय टायमिंग! तुमच्या नव्वीची दृष्ट काढा कुणीतरी!"

जयंतराव आधी बावचळले. मग, सोसायटीत कुणी कधी पाहिलं नव्हतं, असे खो-खो हसले आणि पोंकवड्यांचं ताट त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवलं. निलाबेनने लिंबू-मिरीची शेव वरून भुरभुरली.

बाई जिना उतरल्या त्या दोन दोन पायऱ्या गाळत. आनंदांनी दार उघडलं.

"जिंकनी का?"

"हरले! पण अहो, काय खेळले!" आणि चपला काढायच्या आधीच त्यांनी उंबऱ्यात उभं राहून सगळा डाव सांगितला. राजे, नव्व्या, सगळं. हातवारे करताना ओढणीचं टोक शेजाऱ्यांच्या बेलला अडकलं, बेल वाजली आणि शेजारी बाहेर आले. त्यांनाही पहिल्यापासून सांगितला.

आनंदांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरची फळांची परडी बाजूला सरकवली आणि खुर्ची ओढली.

"मालेबी शिकाड," ते म्हणाले.

सरलाबाई लगेच पत्ते पिसायला बसल्या. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, डाळीचा पार गाळ झाला, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही.