एक तांब्या आणि माझी शंभर पत्रकं

बहात्तरच्या दुष्काळात पाणी वाचवण्याचं पत्रक मी लिहिलं आणि प्रवरेकाठच्या बेलापुरातल्या आमच्या गल्लीने ऐकलं पिंजारीचाचांचं. त्याने माझा जळफळाट व्हायचा. 'उधळपट्टी हा गुन्हा आहे' असं मी जाड ठशात छापलं होतं. आईने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "चाचा एका तांब्यात हात-तोंड-पाय समदं धुत्यात. तुला अजून बादली लागती."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. चाचा समोर राहायचे. जुन्या गाद्यांचा कापूस पुन्हा पिंजून भरायचे. नवी गादी घ्यायची कुणाला गरजच पडायची नाही. ना घोषणा, ना सभा.

शेवटी त्यांच्या ओट्यावर गेलो. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याचा वजू चालला होता. उरलेलं घोटभर पाणी त्यांनी शेळीपुढे ठेवलं. सुकाळातही एवढंच घेता का, मी विचारलं. आत त्यांचा मुलगा कापूस पिंजत होता, त्या दणक्यात उत्तर आलं, "इसराफ नको, बाबा. परवरेला पूर आला तरी न्हाई."

मी ऐकलं, 'सराफ नको'.

मला शत्रू सापडला: दुष्काळात लोकांचे दागिने स्वस्तात घेणारा सराफ. चार दिवसांत शंभर पत्रकं छापून आणली: 'सराफ नको! पिंजारीचाचाही हेच सांगतात!' त्यांच्या नावावर तरी लोक माझं वाचतील, हा हिशेब मी स्वतःपासूनही लपवला. पहिली प्रत त्यांनाच वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"पन सराफानं काय केलं? सुनेची बुगडी त्यानंच नीट करून दिली."

मग त्यांनी सांगितलं. इसराफ म्हणजे गरजेपेक्षा जास्त वापरणं. वाहत्या नदीवर वजू केला तरी पाणी उधळायचं नाही, असं त्यांच्या धर्मात आहे. आमच्या दारात आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी गठ्ठा उचलला, बंबात घालायला निघालो. चाचांनी तो काढून घेतला.

"मागची बाजू कोरी हाय."

आठवड्याने गठ्ठा परत आला. छापील बाजू आत दुमडून, गादीच्या सुईदोऱ्याने शिवलेली वही झाली होती. टाका इतका सरळ की पुन्हा झोंबलं.

"आता नीट ऐकून लिही," चाचा म्हणाले.

पहिल्या पानावर मी 'इसराफ' लिहिलं. खाली बरीच जागा उरली होती. ती कोरी सोडून पान उलटायचा धीर झाला नाही.