पाणी तापवायचं लाकूड

अंधश्रद्धेवरचे निबंध माझ्याइतके कुरखेडा तालुक्यात कुणी तपासले नसतील. दरवर्षी मुलांकडून लिहून घ्यायचे, लाल शाईने 'छान' म्हणायचं आणि घरी येऊन दारावरची लिंबू-मिरची बदलायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हणही मीच शिकवायची.

मी निवृत्त झाले त्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती ऐन पौषात. आमच्याकडची थंडी जावयाला फोनवर समजेना. त्याने विजेचा हिटर पाठवून दिला. आमच्या गावात वीज असली की हिटर असतो, एरवी त्यावर लंगोट वाळत घालायचे. खोलीत निखाऱ्यांची शेगडी लागणारच होती, आणि त्यासाठी चांगलं वाळलेलं लाकूड. आमच्या ह्यांचं म्हणणं, लाकूड म्हणजे लाकूड, त्यात काय पाहायचं? जन्मात कधी कुऱ्हाड धरली नाही, पण अकलेचे तारे तोडण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही.

लाकूड मी एकाच बाईकडून घ्यायची. जंगलाकाठच्या गावातून ती आठवडी बाजाराला डोक्यावर मोळी घेऊन यायची. वाळून पडलेलं लाकूड वेचायची, दोन उन्हाळे परसात ठेवायची, मग विकायची. दोन तुकडे एकमेकांवर आपटून ऐकवायची. वाळलेलं खणखणतं, ओलं नुसतं थप्प वाजतं. आणि देण्याआधी विचारायची, "कायच्या कामाले पाह्यजे?" स्वयंपाकाला वेगळं, पाण्याला वेगळं, शेकाला वेगळं. मला तो आगाऊपणा वाटायचा. लाकूडवालीने लाकूड द्यावं, चौकशा कशाला?

त्या दिवशीही तिने तेच विचारलं. लेकीला नववा सरत आला होता. ह्या बाईची दोन लेकरं वर्षाच्या आत गेलेली, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. ती दिसली की बायका कडेवरच्या पोरांवर पदर घ्यायच्या. अडाणी कुठल्या, म्हणून मी त्यांना मनात नावं ठेवायची. आणि माझ्या तोंडून निघालं, "आंघोळीचं पाणी तापवायचं आहे, अंगणात."

"मंग सालई घेऊन जा, बाई. लवकर भडकते."

लेकीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी मायलेकी घरी आल्या आणि मी मोठ्या थाटात शेगडी भरली. सालई डिंकाची. भडकली, काळा धूर सोडला आणि निखारा म्हणून काही धरेना. खोली धुराने भरली. पाच दिवसांचं पोर ठसकायला लागलं, रडताना त्याचा आवाज फुटेना. खिडक्या उघडल्या तर त्याचे पाय गार पडायला लागले. तपासायला आलेल्या नर्सबाईंनी सुनावलं, "या धुरात ठेवलं तर पुन्हा दवाखान्यात आणावं लागेल." हे म्हणाले, "मी सांगतच होतो." काय सांगत होते, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाजार होता. मी थेट तिच्यासमोर उभी राहिले आणि चार लोकांत तिला फैलावर घेतलं. फसवलंस, पोर धुरात घुसमटलं, लाज नाही वाटत? चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय ते बाजाराने त्या दिवशी पाहिलं.

ती शांतपणे म्हणाली, "पाणी तापवाले पाह्यजे, असं तुमीच म्हणल्या ना, बाई. बाळंतिणीचं काऊन नाई सांगतलं? धावडा देला असता."

माझ्या उत्तराची तिला गरजच पडली नाही. कारण तिला कळलं. माझ्याकडे बघता बघता तिच्या चेहऱ्यावर ते आलं आणि तिने मान फिरवली.

तरी ती दुपारी आली. धावड्याची मोळी अंगणात उतरवली, टोकांना तडे गेलेले टणक तुकडे रचून पेटवले आणि धूर पार संपेस्तोवर हलली नाही. मग लालभडक निखारे शेगडीत भरून आत नेले. खिडकी थोडी उघडीच ठेवा म्हणाली. खोलीभर ऊब पसरली आणि पोर पहिल्यांदा मूठ सोडून झोपलं.

हे सगळं तिने बाजेकडे पाठ करून केलं. आत येताना पदर डोळ्यांवर ओढून, भिंतीला चिकटून. लेक म्हणाली, "मावशी, बघा ना बाळाला."

"नाई, माय. राहू दे. निजलं हाये."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. तीस वर्षं वर्गात घसा फोडून बोलणारी मी उंबऱ्यात गप्प उभी राहिले. ती पैसे पदराला बांधून निघून गेली.

ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी मीठ-मोहऱ्या घेतल्या, नातीवरून उतरवल्या आणि तिनेच फुलवलेल्या निखाऱ्यांवर टाकल्या.