आमच्या व्याह्यांचा शेरा

उभ्या वसई तालुक्यात माझ्या व्याह्यांएवढा शंकेखोर माणूस दुसरा नाही. कुणाला माहीत असेल तर त्याने तो खुशाल उमेळ्याला माझ्या वाडीत आणून उभा करावा. मी व्याह्यांना त्याच्यासमोर बसवतो, संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःच्या नावाचीही खात्री उरणार नाही. मी जेमतेम चौथी शिकलेला, केळी-भाजीत हयात गेलेला माणूस. व्याही देशावरचे, नोकरीपायी मुंबईला आलेले, आता निवृत्त होऊन मुलासुनेबरोबर वसई रोडला फ्लॅटात राहणारे. सून म्हणजे माझी मुलगी. जन्मभर त्यांनी पॉलिमरचं शास्त्र केलं. पॉलिमर म्हणजे काय ते त्यांनी मला केळीच्या बुंध्याला टेकून समजावलं. बारीक बारीक कण एकमेकांचे हात धरून लांब रांग करतात, आणि त्या रांगांचं मग प्लास्टिक होतं, रबर होतं, सूत होतं. मी म्हटलं, "म्हणजे बायका गौरीच्या फेरात हात धरतात तसं." त्यांनी डोळे मिटून विचार केला. "बरोबर. फक्त फेर बंद असतो, आणि रांगेला बहुतेक वेळा टोकं असतात." माझं म्हणणं पासही केलं आणि दुरुस्तही केलं. हा माणूस असा आहे.

सोयरीक ठरवायला पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे पोरीच्या आईने, बशीत सुकेळी ठेवली होती. आमच्या राजेळी केळ्यांची, घरी वाळवलेली. व्याह्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि खिशातून वही काढली. "किती दिवस वाळवता?" मी म्हटलं, "वाळेपर्यंत." "म्हणजे किती?" "ऊन असेल तसं." "आणि ऊन नसेल तर?" "तर नाही वाळवत." हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. पोरगी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी, तिच्याकडे बघायला सवड नाही. आतून मंडळींचा आवाज आला, "ह्यो मानूस पोरीला बघाया आलाय का केल्यांना?" व्याही जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "पोरांनी एकमेकांना तीन वर्षं पारखलंय. तिथे मी नवीन काय तपासणार? केळ्यांबद्दल मात्र मला काहीच माहीत नव्हतं." तेव्हाच मी मनात म्हटलं, सोयरीक झाली.

लग्नानंतर पहिल्या रविवारी जेवायला आले. मंडळींनी बोईट मासळीचं कालवण केलं होतं. व्याही पोटभर जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "कालवण उत्तम आहे. परंतु दोन ठिकाणी सुधारणेला वाव आहे." त्यापुढचे तीन रविवार त्यांच्या पानात वरणभात पडला. विचारलं तर मंडळी सांगायच्या, "सुधारतेय अजून." चौथ्या रविवारी व्याही एक कागद घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं की पहिला शेरा घाईने दिला होता, पुरेशा वेळा चव न घेता दिला होता, सबब तो मागे घेत आहे. मंडळींना वाचता येत नाही. मी वाचून दाखवला. तो कागद त्यांनी देवांच्या फोटोमागे ठेवला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात व्याह्यांना मासळीचं डोकं पहिलं वाढलं जातं.

पण शेरा मारणं हे त्यांचं खरंच काम होतं, हे मला फार उशिरा कळलं. जगात कुणी पॉलिमरवर काही नवं शोधलं की त्याचा पेपर लिहून मासिकाकडे धाडतो. मासिकवाले तो छापायच्या आधी दोन-तीन जाणत्या माणसांकडे गुपचूप तपासायला देतात. व्याही त्यातले एक. लिहिणाऱ्याला कळत नाही कुणी तपासलं, आणि तपासणाऱ्याला त्याची दमडी मिळत नाही. माझ्या ओटीवर झोपाळ्यात बसून, कागद मांडीवर पसरून, हा माणूस चार-चार दिवस एका पेपरात डोकं घालायचा. एकदा मी विचारलं, "पोराचं चुकलंय ना? मग लिहा चूक, आणि उठा जेवायला." ते म्हणाले, "चूक म्हणायला काय लागतं? पण त्यानं दोन वर्षं घातलीत यात. कुठे चुकलं आणि आता काय केलं तर सुटेल, हे नको सांगायला?" आणि आधी त्या पोराने काय चांगलं केलंय ते लिहायला बसले. आमटी थंड झाली. तो पोरगा कुठल्या देशातला, तेही त्यांनी मला सांगितलं नाही.

मग एका वर्षी त्या मासिकाने आपल्या उत्तम तपासनिसांची यादी छापली. सबंध जगातून निवडलेली मोजकी नावं, आणि त्यात आमच्या व्याह्यांचं. प्रमाणपत्रही आलं, कॉम्प्युटरवर. व्याह्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. मुलीला ते दिसलं, तिने छापून मला आणून दिलं. मी ते चौकट करून ओटीवर लावलं. एवढ्यावर कोण थांबतो? गणपती मंडळाच्या अध्यक्षाला सांगून सत्कार ठेवला. व्याही नको म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही मुलाकडचे, तुमचा मान ठेवणं माझं काम. तुम्ही नाही म्हणायचं नाही." आले बिचारे. अध्यक्षांनी त्यांना "थोर संशोधक" म्हटलं तर माईक मागून म्हणाले, "मध्यम. थोर वेगळे असतात, त्यांचे पेपर मी वाचलेत." मागून कुणीतरी ओरडलं, "काका, कोनाकोनाचे पेपर तपासले?" "ते सांगता येत नाही." "एकाचं तरी नाव सांगा!" "नाही." "मंग शाल कशापायी?" मंडप हसला. मी उठलो. मला भाषण येत नाही, पण आवाज येतो. म्हटलं, "अरे, देवळाच्या पायातले दगड कुणाला दिसतात का? शाल त्यांच्यासाठी आहे." टाळ्या पडल्या. घरी जाताना व्याही म्हणाले, "उदाहरण चांगलं होतं. थोडं अतिशयोक्त." त्यांचे डोळे ओले होते, तेवढं मी तपासून घेतलं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्याकडे भाजीच्या वाफ्यावर काळं प्लास्टिक अंथरतात, तण येत नाही म्हणून. हंगाम सरला की त्याच्या चिंध्या वाडीभर फडफडतात. मी एकदा वैतागून म्हटलं, "जन्मभर रांगा लावल्यात, आता ही एक रांग मोडून दाखवा." ते त्यांच्या मनाला लागलं. कॉलेजात शिकवणाऱ्या जुन्या शिष्याच्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी कच्च्या केळ्यांच्या पिठापासून एक पातळ फिल्म केली, मातीत पुरली की मातीच तिला खाऊन टाकेल अशी. तिच्या पट्ट्या माझ्या वाडीत पुरल्या, शेजारी साध्या प्लास्टिकच्याही पुरल्या, प्रत्येकीजवळ नंबराची बांबूची खुंटी. दर महिन्याला काही पट्ट्या उकरायच्या, ब्रशने धुवायच्या, वाळवायच्या, नाजूक काट्यावर वजन करायचं. साधं प्लास्टिक जसंच्या तसं. व्याह्यांची पट्टी मात्र महिन्यागणिक कडेने झिजत गेली, कुठे कोपरा गेला, कुठे अर्धी गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाला शंका न काढता हसताना पाहिलं. पेपर लिहिला, धाडला. परक्या तपासनिसांनी तो पास केला. छापून यायचा तेवढा बाकी. म्हणाले, "व्याहीबुवा, हे माझं शेवटचं काम. आणि बहुधा सगळ्यात चांगलं." पेपरात माझ्या मातीचं वर्णन होतं, उमेळ्याचं नाव होतं. मी गावभर सांगितलं.

पंधरा दिवसांनी माझी दोन केळी आडवी झाली. घुशीने कंद पोखरलेले. बीळ खणत गेलो तर तळाशी तिचं घरटं, केळीचे धागे, सुकी पानं, आणि त्यांत नखाएवढे, बोटाएवढे तुकडे. व्याह्यांच्या फिल्मचे. कुरतडलेले, पण धडधाकट. मातीने खाल्लं नव्हतं, घुशीने नेलं होतं. केळ्याच्या पिठाचा वास लागला असणार तिला. साध्या प्लास्टिकला कशाला तोंड लावील? पट्ट्यांना माती नीट लागावी म्हणून व्याह्यांनी त्या उघड्याच पुरल्या होत्या. प्रयोगशाळेत घुशी नसतात. मला मात्र सुचायला हवं होतं. वाडीतला मी.

तुकडे बिस्किटाच्या डब्यात घालून घरी आणले. मंडळी म्हणाल्या, "टाका उकिरड्यावर. कोन बघतंय? म्हातारा मानूस, पयल्यांदा हासला." दोन दिवस डबा माझ्या खाटेखाली होता. खोटं कशाला सांगू, टाकायला उठलोही होतो. मुलीचा सासरा, त्याचं शेवटचं काम, आणि ते मोडायचं चौथी शिकलेल्याने? पण पेपरात माझी माती होती. जे माझ्या मातीने केलं नाही ते तिच्या नावावर छापलं जाणार होतं. आणि हा माणूस दुसऱ्याच्या पोरासाठी चार दिवस उपाशी बसतो, त्याला मी अंधारात ठेवायचं? तिसऱ्या दिवशी सकाळी चालत वसई रोडला गेलो आणि डबा त्यांच्यापुढे उघडला.

व्याह्यांनी भिंगाने एकेक तुकडा पाहिला. बराच वेळ. मग विचारलं, "बीळ किती खोल होतं?" "कोपरभर." "खुंट्यांपासून किती लांब?" "पाच पावलं." "दातांचे ठसे आहेत." "आहेत." मला राहवेना. म्हटलं, "अहो, पण परक्या साहेबांनी पास केलंय ना? त्यांना कुठे दिसलं?" ते म्हणाले, "ते उमेळ्यात नव्हते, व्याहीबुवा. मी होतो." तिथेच टेबलाशी बसून त्यांनी मासिकाला लिहिलं, पेपर मागे घेतो. कारणही लिहिलं, घुशीसकट. पाठवायचं बटण दाबताना हात थांबला नाही. मग एकेक तुकडा मोजून परत डब्यात ठेवला.

माझ्या मुलीने चहा आणला. कप हातात घेऊन व्याही म्हणाले, "इतकी वर्षं पेपर तपासले आणि तपासून घेतले, पण असा तपासनीस मला मिळाला नव्हता." मी मान खाली घातली नाही. का घालू? ते प्रमाणपत्र ज्या मोठ्या लोकांनी दिलं त्यांना विचारा, त्यांच्यापैकी किती जणांना आमच्या व्याह्यांनी असं म्हटलंय.

आता पुन्हा पट्ट्या पुरल्यात, या वेळी बारीक तारेच्या जाळीच्या पिशव्यांत. खरं-खोटं कळायला दोन वर्षं लागतील म्हणतात. त्यांना आता उकिडवं बसवत नाही, म्हणून मी उकरतो आणि ते खुर्चीवर वही घेऊन बसतात. ऊन डोक्यावर यायच्या आत काम आटपावं लागतं. गेल्या महिन्यात मी पट्टी धुऊन, वाळवून काट्यावर ठेवली. "वजन उतरलं का?" मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "केसभर." आणि तेवढंच, केसभर जे होतं ते, सुरेख अक्षरात वहीत मांडलं. मी खड्डा बुजवला, माती थोपटली. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले, जरा दम घेतला आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात लवकर येतो." मी म्हटलं, "या. मी फाटक उघडून ठेवतो." मग हळूहळू, हात धरून, आम्ही सावलीपर्यंत चालत आलो.