अंगठी आटवताना

पोत ओवून घ्यायला सराफाकडे बसले होते. शेजारी बसलेल्या मुलीनं बोटातली साखरपुड्याची अंगठी काढून काउंटरवर ठेवली आणि लग्न मोडल्याचं हळूच सांगितलं. सराफ म्हणाला, "ताई, एकदा आटवली की परत तशी नाही हो मिळायची." मुलीचा हात पुन्हा अंगठीवर गेला नि तिथंच थांबला.

ती भीती माझ्या ओळखीची. माझंही पहिलं लग्न ठरून मोडलं, तेव्हा मी अंगठी आटवायला परक्या पेठेत गेले होते, कुणी ओळखू नये म्हणून डोक्यावरून पदर घेऊन. जन्मात कधी पदर न घेतलेली मी. तो सारखा घसरायचा आणि अख्खा रस्ता माझ्याकडेच बघायचा. "मावशीची आहे," मी सराफाला ठोकून दिलं. आत नाव कोरलेलं माझं. इतकी मी हुशार. पण मुशीत ते नाव विरघळताना वाटलं, आता आपल्याला कधीच कुणी प्रेमानं हाक मारणार नाही. सोनं मोकळं होतं, पुन्हा कशाचंही होतं. आपलं तसं होईल का, हे कुणी सांगत नाही.

"आटवा," मुलगी म्हणाली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. निळ्या ज्योतीखाली अंगठीचा गोल वाकला, खचला, पिवळा थेंब उरला.

"आजी, तुमचाच हात थरथरतोय."

"वयामुळे गं," मी म्हणाले. मावशीच्या अंगठीपासून लागलेली सवय, अजून सुटलेली नाही.